चौथे गुरू

सकाळच्या पहिल्या घंटेनंतर वडिलांचा शिष्य कुनहाईदादा गुरूंची नावं घेऊ लागला. तिसऱ्या नावाला, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावाला, चटईवर कपाळ टेकवून मी पुन्हा ताठ होत होते, तेवढ्यात त्याने चौथं नाव घेतलं. चौथं नाव नसतं. पणजोबा, आजोबा, आणि आता सात आठवड्यांपूर्वी गेलेले बाबा. मग सनई वाजायला हवी. सनईवाला तर पिपाणीला ओठ लावून तयार होता, तो थबकला. दादाने मात्र तोच सूर धरून म्हटलं, "गुरू लिन देगाओ, वास्तव्य समुद्रापलीकडे, थंड देशात, ग्रंथालयाची दगडी इमारत, आशिया कक्ष, जमिनीखालचा मजला, आपण कृपा करून यावं." माझ्या मागे नातेवाइकांच्या रांगेत सुतकाचे जाडेभरडे कपडे सळसळले आणि सगळी डोकी खाली गेली. माझं एकटीचं वर राहिलं. शेजारी खुर्चीवर बसलेल्या आईने मला काठीने ढोसलं. "वाक ना गं, लोक बघतायत." मी वाकले नाही. सनई वाजली, झांजा वाजल्या, विधी पुढे गेला. मांडवाच्या निळ्या कापडातून उन्हाचा निळा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला होता आणि त्यात प्रत्येक जण थोडा थोडा बुडाल्यासारखा दिसत होता.

मला राग येत नाही असं ऑफिसात सगळे म्हणतात. मी ताइनान शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आहे. काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत बसायचं, आणि रंग बदलला की थांबायचं, एवढंच माझं काम. रंग बदलायच्या अगोदर पाणी कितीतरी वेळ शहाण्यासारखं स्वच्छ राहतं. त्यात काय काय पडलंय ते बाहेरून कळत नाही. मग एक थेंब पडतो आणि सगळी बाटली गुलाबी होते, ती परत बिनरंगी करता येत नाही. गुडघ्यांवर बसल्या बसल्या मला ते आठवलं आणि उपमा सुचल्याचाही राग आला. उपमा सुचणं म्हणजे राग थंड व्हायला लागणं. मला तो थंड व्हायला नको होता. मी समोर बघत राहिले. समोर देवांची चित्रं टांगलेली, त्यांच्या खाली बाबांचा फोटो, आणि बाजूला बांबूच्या कामट्यांचा आणि कागदाचा घोडा, त्यावर कागदाचा अधिकारी बसलेला. दुपारी मुक्तिपत्र वाचून झालं की दादा ते या अधिकाऱ्याच्या पाठीला बांधणार, घोड्याला तीन फेऱ्या पळवणार आणि जाळणार. पत्र वर पोचलं की पाताळातल्या कचेरीत अडकलेले बाबा सुटणार. मी हे मानत नाही. बाबा मानत होते. उभ्या आयुष्यात त्यांनी या गल्लीतली, पलीकडच्या बाजारातली, बंदराजवळच्या कोळ्यांची कितीतरी माणसं असं पत्र वाचून सोडवली होती, आणि आजचा दिवस त्यांचा होता. त्यांचं पत्र नीट जावं एवढीच माझी इच्छा होती. त्या पत्राच्या वाटेवर तो माणूस बसवलेला मला चालणार नव्हता.

तो आला तेव्हा मी चौथीत होते. त्याचं खरं नाव लिंडेगोर. बाबांना ते उच्चारता येईना, म्हणून त्यांनीच त्याला लिन देगाओ केलं. उंच, वाकून दारातून आत यायचा, आणि सायकल आमच्या दाराशी लावून आईला आमच्या बोलीत "वहिनी, जेवलात का?" असं विचारायचा. गल्लीतल्या बायका हसून लोटपोट व्हायच्या. आई त्याला रताळ्याची पेज द्यायची, तो तीन वाट्या प्यायचा. बाबांच्या विधीला तो रात्रभर बसायचा, दमायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी बाबांना प्रश्न विचारायचा. बाबांना कुणी कधी प्रश्न विचारले नव्हते. लोक त्यांना बोलवायचे, जेवायला घालायचे, आणि नंतर रस्त्यात दिसले की जरा बाजूने जायचे, कारण मेलेल्यांशी ज्याचा रोजचा संबंध त्याच्या फार जवळ कोण जातं. हा माणूस जवळ यायचा. पोथ्यांचं कपाट माझ्यासाठी बंद असायचं, मुलगी म्हणून, आणि मासिक पाळी सुरू झाल्यावर तर त्या खोलीचा उंबरासुद्धा; त्याच्यासाठी ते सताड उघडं असायचं. मी जिन्याखाली बसून गणितं सोडवत ऐकायचे. काय ऐकू आलं ते सगळं माझ्या डोक्यात राहिलं, अर्थाशिवाय, नुसत्या क्रमाने. कुठे घंटा, कुठे श्वास, कुठे कुणाचं नाव. पुढे मूलद्रव्यांचा तक्ता पाठ करायला मला अजिबात त्रास झाला नाही.

जायच्या आधी त्याने आजोबांच्या हातच्या पोथ्या नक्कल करायला म्हणून नेल्या. एका निळ्या फडक्यात बांधून, सायकलच्या मागे ठेवून. आमच्याकडे पोथी उसनी दिली की ती परत मागत नाहीत. ज्याने नेली त्याने नक्कल उतरवायची आणि मूळ पोथी दोन्ही हातांनी परत आणून द्यायची. मागणं म्हणजे त्याला चोर ठरवणं, आणि शिवाय पोथी आपल्याला पाठ नाही असं कबूल करणं. म्हणून बाबा थांबले. तो गेल्यावर नाताळची भेटकार्डं यायची, बर्फाची, हरणांची. आई ती आरशाच्या कडेला खोचायची. बाबा त्यांच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "नक्कल करतोय बिचारा. आपली अक्षरं त्याला जड जातात." मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले, तरी ते म्हणायचे. चिडून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते खरंच वाट बघत होते. त्याच्या रीतीप्रमाणे त्याच्याकडे काही मागितलं गेलं नाही म्हणजे ते त्याचं झालं, आणि आमच्या रीतीप्रमाणे मागायचं नसतं. दोघंही सभ्य. दोन सभ्य माणसांच्या मधून आमच्या घरातली तीन पिढ्यांची अक्षरं निघून गेली आणि आवाजसुद्धा झाला नाही.

बाबांना ते सगळं पाठ होतं हे खरं. कुनहाईदादा त्यांच्याकडे शिकायला आला तेव्हा मुक्तिपत्राची पोथी नव्हतीच. बाबा म्हणाले, ऐकून शीक. तो ऐकून शिकला. मग बाबांच्या मेंदूतली एक नस फुटली, आणि तिथून पुढे पाठ असलेलं एकेक जायला लागलं. आधी नवी माणसं, मग शेजारी, मग मी. एका दुपारी ते मंत्र म्हणत होते आणि मधेच थांबले. पुढचं येईना. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबले. संध्याकाळपर्यंत ते तेवढंच करत होते. मी पुढची ओळ म्हणू शकले असते. मला ती येत होती. पण माझ्या तोंडून ती ऐकली असती तर त्यांना काय वाटलं असतं, या भीतीने मी भाजी निवडत बसले, आणि प्रत्येक वेळी ते त्या जागी आले की माझे ओठ मिटलेल्या तोंडात हलायचे.

ते गेल्यावर दादाच घाबरला. "गुरुजींचं पत्र मी तोंडपाठ कसं म्हणू? एक ओळ गळली तर?" त्याचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे, नखांत कायम वंगण, आणि इतरांच्या वेळी तो बिनधास्त म्हणतो. गुरूच्या वेळी त्याचा धीर सुटला. म्हणून मी शोधलं. ऑफिसातल्या संगणकावर, जेवणाच्या सुट्टीत. फार वेळ लागला नाही, हेच वाईट होतं. इतकी वर्षं ते इतक्या जवळ होतं. पडद्यावर आजोबांचं अक्षर आलं. पानाच्या कडेला रंगांची पट्टी ठेवलेली, मोजपट्टी ठेवलेली, उजेड एकसारखा, फोटो इतका स्वच्छ की कागदातले तंतू दिसावेत. इतकं काटेकोर काम बघून माझ्यातल्या प्रयोगशाळेतल्या बाईला आधी आदरच वाटला. मग खाली वाचलं. मृत्युविधी, दक्षिण तैवान. लेखनिक अज्ञात. प्राध्यापक लिंडेगोर यांनी दिलेली देणगी. पहिल्या पानावर आजोबांचं नाव आहे, गाव आहे, वर्ष आहे. ती पट्टी त्याच नावाच्या शेजारी ठेवून फोटो काढलाय. लेखनिक अज्ञात. मी त्यांना लिहिलं. एका बाईंचं उत्तर आलं, फार गोड: आमच्या समुदायाने रस घेतला याचा त्यांना आनंद झाला, प्राध्यापक काही वर्षांपूर्वी वारले, आणि आधी कळवून आल्यास मूळ पोथी वाचनकक्षात दाखवता येईल. माझ्या शेजारी बसणारा लाय म्हणाला, "पण तिथे जपली तरी. इथे असती तर वाळवीने खाल्ली असती." आणि ते बरोबर आहे. कपाटातल्या उरलेल्या पोथ्या वाळवीने खाल्ल्या. मी त्या झाडूने भरल्या. कुणी चूक असतं तर मी भांडले असते. सगळे बरोबर आहेत. लाय बरोबर, त्या बाई बरोबर, तिथल्या हवेतला ओलावा बरोबर. मी पानं छापली, नीट लावली, आणि दुकानात जाऊन दादाच्या हातात दिली. त्याने आधी हात धुतले.

दुपारच्या जेवणाला विधी थांबला. मांडवाच्या टोकाला टेबलं लावून शाकाहारी शेवया, तळलेलं सोयाबीनचं पनीर, खारवलेल्या काकड्या. दादा विधीचा झगा काढून गंजिफ्रॉकवर बसला होता आणि भुरके मारत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ते नाव दुपारी घ्यायचं नाही."

"बस. शेवया घे. कोरड्या पडतील."

"दादा, मी काय म्हणतेय?"

"ऐकतोय ना. बहिरा झालोय का झांजा वाजवून?" त्याने वाटी खाली ठेवली. "बीयुन, तुला माहितीये कसं असतं ते. पोथी ज्याच्याकडून आली त्याचं नाव घ्यावं लागतं. हातातून हातात. एक हात वगळला तर ती चोरीची पोथी. वरचे कारकून पहिलं ते बघतात. पत्र दारातून परत पाठवतील."

"चोरीचीच आहे! त्यानेच चोरली."

"गुरुजींनी स्वतः बांधून दिली. निळ्या फडक्यात. हे तूच सांगितलंयस मला."

"नक्कल करायला दिली होती."

"मग झाली की नक्कल. मी केली. कुठून केली? त्याच्या ग्रंथालयाच्या कागदावरून." त्याने काकडीचा तुकडा तोंडात टाकला. "माझा काय त्याच्यावर जीव आहे? मी त्याला पाहिलापण नाही. पण उद्या माझा पोरगा विचारेल, बाबा, आजोबा-गुरुजींची पोथी तुमच्याकडे कुठून आली? काय सांगू, आकाशातून पडली?"

"त्याला गुरू म्हणालास तू. बाबांच्या शेजारी."

"शेजारी नाही, नंतर. क्रमाने."

आई काठी टेकत आली होती. "कशाला आवाज चढवतेस? माझ्या हातचं जेवलाय तो. बोलावलं तर बोलावलं. इतक्या लांबून यायचं म्हणजे त्यालाच त्रास."

"आई, त्याने आपली पोथी देणगी म्हणून दिली. स्वतःची म्हणून."

"पोथी काय, माझी चांगली छत्रीसुद्धा नेली होती," आई म्हणाली, आणि टेबलावरचे सगळे हसले. दादासुद्धा. त्या हसण्याने माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजायला लागलं. मांडवाने रस्ता अडवला होता, गाडी आत येईना. शेजारणी पिशव्या घेऊन मांडवातून, देवांच्या चित्रांसमोरून, कागदी घोड्याच्या पायांजवळून पळत सुटल्या, बाबांच्या फोटोपुढे क्षणभर मान झुकवायच्या आणि पुन्हा पळायच्या. आईनेही मला शेवयांच्या कागदी वाट्यांची पिशवी दिली. "जा, निघून जाईल." मी सुतकाचे कपडे सावरत गाडीमागे पळाले. पिशवी आत भिरकावली, जोरात, नको इतक्या जोरात, आणि गाडीवरचा माणूस म्हणाला, "ताई, जपून. गाडी सरकारची आहे, मोडली तर आमच्याच पगारातून जाईल." परत येताना मी मनातल्या मनात दादाचा युक्तिवाद तपासत होते. मला तेवढंच येतं. एखादं म्हणणं खोटं आहे असं वाटलं की त्याला शेवटपर्यंत खरं मानून चालायचं, कुठेतरी ते वेड्यासारखं दिसायला लागतं.

दादा झग्याचे बंद बांधत होता.

"एक हात वगळायचा नाही, असंच ना?" मी म्हणाले. "मग ग्रंथालयाने तुला काही दिलेलं नाही. तुझं नावसुद्धा त्यांना ठाऊक नाही. कागद मी काढले, मी छापले, मी तुझ्या हातात दिले. मग माझं नाव घे. बाईचं. सगळ्या गल्लीसमोर. घेशील?"

मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा गप्प बसेल, आणि मग मी म्हणेन, बघ, तूही वगळतोसच. तो बंद बांधायचा थांबला. खाली बघत त्याने बोटांवर एकेक हात मोजला.

"खरं आहे," तो म्हणाला.

"मी टोचून बोलले, दादा."

"टोचून बोललीस तरी खरं आहे. ती चूक झाली माझी सकाळी. एक हात सुटला." त्याचा चेहरा पडला होता. "तू पाण्यातलं क्लोरीन मोजतेस ते बरंय गं, इथे असतीस तर मला रोज घाम फुटला असता."

"त्याचं नाव काढ म्हणतेय मी, माझं घाल म्हणत नाहीये!"

"तुझं घातलं तर त्याचं काढताच येत नाही. तुला कुणाकडून मिळालं?"

उत्तर होतं. ते मीच त्याच्या हातात ठेवलं होतं, नीट लावून, पान क्रमांकासकट. ढोलकऱ्याने ढोल खांद्याला लावला.

दुपारी गुरूंना पुन्हा बोलावतात आणि या वेळी प्रत्येकाला पेला असतो. पत्र वाचण्याआधी मेलेल्याच्या मुलाने प्रत्येक पेल्यात तांदळाची दारू ओतायची. मुलगा नाही म्हणून मी. टेबलावर चार पेले होते. दादाने झग्याच्या बाहीतून पाचवा काढून रांगेच्या टोकाला ठेवला. ढोल हळू वाजत होता. पणजोबांचं नाव आलं, मी ओतलं, मागे सगळे वाकले. आजोबांचं आलं, त्यांच्या गावासकट, वर्षासकट, आणि त्या वेळी माझ्या मनात आलं की निदान इथे तरी ते अज्ञात नाहीत. बाबांचं नाव आलं. गल्ली, घर क्रमांक, निळा दरवाजा. ओतताना सुरईची चोच पेल्याच्या काठाला लागून बारीक आवाज झाला. मग दादा म्हणाला, "गुरू लिन देगाओ." समुद्र, थंडी, दगडी इमारत, जमिनीखालचा मजला.

मी सुरई सरळ धरून उभी राहिले.

ढोल त्याच ठेक्यावर घुटमळला, पुढे जाईना. दादाने माझ्याकडे पाहिलं नाही, तो ताठ उभा होता, विधीची लाकडी पट्टी हातात धरून. मागे सगळे वाकलेलेच राहिले, कारण पेला भरेपर्यंत उठता येत नाही. कुणीतरी खोकलं. आईच्या खुर्चीचा पाय करकरला. कागदी घोड्याच्या शेपटीचे कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होते आणि त्याच्यावरचा अधिकारी पाठ मोकळी ठेवून पत्राची वाट बघत होता. मला त्या उंच माणसाचे हात आठवत होते, फडक्याची गाठ मारतानाचे, फार काळजीपूर्वक. मी अजून थोडा वेळ थांबले असते तर काय झालं असतं? काही नाही. ढोलकरी दमला असता, लोकांचे गुडघे दुखले असते, ग्रंथालयात दिवे आपोआप लागले असते आणि विझले असते. बाबांचं पत्र तेवढं निघालं नसतं. या जगात मी एका माणसाला अडवू शकत होते, आणि तो माणूस लिंडेगोर नव्हता.

मी ओतलं. बाबांच्या पेल्याइतकंच, डोळा पातळीला आणून, एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही. माझा हात थरथरत नाही. त्याला तशी सवय आहे. माझ्या हाताचा मला एवढा राग कधी आला नव्हता.

मग दादाने श्वास घेतला आणि म्हणाला, "त्यांच्याकडून, त्सेंग बीयुन, कन्या, वास्तव्य ताइनान, निळा दरवाजा." त्यांच्याकडून. आवाज जरासा पडला होता, पण शब्द स्पष्ट होते. मागच्या रांगेत कुणी वाकलं, कुणी अर्धवट वाकलं, एक मावशी शेजारणीला विचारत होती, "कुणाचं म्हणाला? हिचं? जिवंत माणसाचं नाव?" पाचवा पेला माझ्यासमोर होता, पांढरा, कोरडा. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा त्या कपाटाच्या आतून कुणी माझं नाव घेतलं होतं, आणि ते त्या माणसाची शिष्या म्हणून घेतलं होतं. मी सुरई खाली ठेवली. पेला भरला नाही. आता ढोल पुन्हा घुटमळेल, दादा ताठ उभा राहील, सगळे माझ्यासाठी वाकून राहतील, म्हणून मी पाठ घट्ट करून वाट बघितली.

माझ्या कोरड्या पेल्यासाठी ढोल घुटमळला नाही. सनई सुरू झाली, लोक गुडघे चोळत उठले, आणि दादा पत्राची घडी उलगडून वाचायला लागला.